जुन्या बाजारातील लष्करी पदके व त्यांची ओळख
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. मेळाव्यात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची इमारत, वधूवर-सूचक केंद्र यांची चर्चा व्हावयाची. तेथे जुन्या बाजारातील गंजके बिल्ले कशास, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरांतून हे बिल्ले बाजारात जातात ती घरे बहुतांशी आपल्यासारख्यांचीच आहेत, आणि बिल्ला घरातून गेला म्हणजे त्याबरोबर काय जाते याची कल्पना विकणारास नसते, विकत घेणारासही नसते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत जुनी माळवदाची व कौलारू घरे पाडून सिमेंटची घरे उभी राहत आहेत. घर पाडताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तीत पणजोबांचा फेटा, डिसचार्जचा जीर्ण कागद, पितळी बटणे आणि काळी पडलेली एकदोन पदके निघतात. घरातील तरुण मंडळी शहरात; म्हातारे माणूस एकटे. दारी भंगारवाला आला की तांब्या-पितळेबरोबर तीही तराजूत पडतात. तेथून ती पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अथवा मुंबईच्या चोरबाजारात येतात. चांदीची असली तर तेवढाही प्रवास होत नाही. सोनार मोडीत घेतो. १९८० च्या प्रारंभी चांदीचे भाव एकाएकी कडाडले तेव्हा जगभर अशी हजारो पदके वितळली गेली, आणि आपल्याकडील मुशींनाही त्यांतील वाटा मिळाला असणारच.

असो. आता मुद्द्याकडे वळू. असे एखादे पदक हाती आले तर प्रथम काय पाहावे? लोक राजाचा मुखवटा पाहतात. आमचे सांगणे असे की, मुखवटा पाहू नका, कड पाहा. पदकाची जी जाड कड असते तिच्यावर भिंग धरले असता बारीक इंग्रजी अक्षरे दिसतात. ब्रिटिश अमदानीत, दुसऱ्या महायुद्धापूर्वी, लढाईची पदके ज्यास दिली त्याचे नाव कडेवर कोरून अथवा ठशाने उमटवून देण्याची पद्धत होती. आधी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. या चार गोष्टी मिळाल्या की ते पदक मुके राहत नाही.

पण वाचताना सावध असावे. नाव लिहून घेणारा कारकून बहुधा परप्रांतीय, सांगणारा शिपाई निरक्षर आणि लिपी इंग्रजी. त्यामुळे पवारांचे 'पोवार', जाधवांचे 'जाडो', शिंद्यांचे 'सिंदे' असे नाना अवतार होतात. कित्येकदा आडनाव मुळीच नसते. शिपायाचे नाव व फार तर बापाचे नाव एवढेच. दुसरे असे की, पहिल्या महायुद्धाच्या काळी प्रत्येक पलटण आपल्या शिपायांस स्वतंत्र क्रमांक देत असे. सबब एकच क्रमांक निरनिराळ्या पलटणींत निरनिराळ्या माणसांचा असू शकतो. पलटणीवाचून नुसत्या क्रमांकास अर्थ नाही.

पलटणींच्या नावांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पदकाचा काळ ठरविण्याची ती किल्ली आहे. १९२२ पूर्वी पलटणी आपापल्या क्रमांकाने ओळखल्या जात. आपल्या प्रांताशी निगडित अशा १०३, १०५ व ११० या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या आणि ११४, ११६ व ११७ या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत या साही एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी म्हणजे शिक्षण देणारी. 'जंगी पलटण' हे नाव १०३ चे, 'काळी पाचवी' हे १०५ चे; दोन्ही पलटणींचा जन्म १७६८ चा. तेव्हा कडेवर किंवा खांद्याच्या पितळी अक्षरांत ११७ असा आकडा दिसला तर ती वस्तू १९२२ पूर्वीची, आणि पाचाचा आकडा व त्याआधी बटालियनचा आकडा असा अपूर्णांकासारखा लेख दिसला तर ती नंतरची, हे घरबसल्या समजते.

मध्यंतरी जुन्या बाजारात एका पथाऱ्यावर, कुलपे, चमचे व घड्याळांचे पट्टे यांच्या राशीत आम्हांस एक चांदीचे पदक मिळाले. फीत नव्हती, वर लोखंडी तारेचे वेटोळे घालून कोणी ते मुलाच्या गळ्यात बांधले असावे. दर्शनी बाजूस पाचव्या जॉर्जचे डावीकडे पाहणारे मस्तक. मागे घोड्यावर बसलेला विवस्त्र पुरुष, घोड्याच्या टापांखाली गरुडाचे चिन्ह असलेली ढाल, आणि १९१४ व १९१८ ही साले. हे पहिल्या महायुद्धाचे 'ब्रिटिश वॉर मेडल'. चांदीची अशी सुमारे ६५ लाख पदके वाटली गेली, म्हणजे नाणकशास्त्राच्या दृष्टीने ती मुळीच दुर्मिळ वस्तू नव्हे. विक्रेत्याने चांदीच्या वजनाने किंमत सांगितली. आम्ही भिंग लावले तो कडेवर क्रमांक, शिपाई हा हुद्दा, एक साधे मराठी नाव आणि शेवटी ११७ मराठा. नाव येथे घेत नाही, कारण त्या घरातील मंडळींचा शोध अजून चालू आहे.

११७ मराठा म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्या आकड्याचे मोल सांगावयास नको. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. १०३ व ११० याही तिच्याबरोबर होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी या सैन्यास वेढा घातला. १४४ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्न संपल्यामुळे शरणागती पत्करावी लागली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यांतील फार मोठा भाग वाळवंटातील पायपिटीत व कैदेत नाहीसा झाला. आमच्या हाती आलेल्या पदकाचा धनी त्या वेढ्यात होता काय? पदक एवढे सांगत नाही. याला कारणही मौजेचे आहे. या पदकावर लढायांच्या नावांच्या पट्ट्या लावावयाच्या असे प्रथम ठरले होते, आणि सैन्यासाठी ७९ पट्ट्या सुचविल्याही गेल्या होत्या. पण खर्च फार होईल म्हणून तो बेत सोडून देण्यात आला. साम्राज्य राखण्यास माणसे पुरली, पट्ट्यांस पैसे पुरले नाहीत!

कुतची खूण दुसरीकडे शोधावी लागते. १९१५ च्या अखेरीपर्यंत जे रणभूमीवर पोहोचले त्यांस '१९१४-१५' असा मजकूर असलेला काशाचा तारा मिळाला. त्याची कड पातळ, म्हणून नाव सपाट पाठीवर असते. तो तारा व चांदीचे पदक एकाच नावाचे सापडले, आणि वर ११७ ची पलटण असली, तर तो शिपाई कुत पडण्यापूर्वीच मेसोपोटेमियात उतरला होता असे मानण्यास बळकट आधार मिळतो. तिसरे काशाचे 'व्हिक्टरी मेडल', पंख पसरलेल्या विजयदेवतेचे. त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी. ही तिन्ही एकत्र असतील तर ती कदापि वेगळी करू नयेत. विक्रेते तारा एकास आणि चांदी दुसऱ्यास विकतात. त्या घटकेला एका माणसाचा इतिहास दोन गिऱ्हाइकांत वाटला जातो.

आणखी एक पदक आहे, ज्याकडे संग्राहकही फारसे वळून पाहत नाहीत. तेच ब्रिटिश वॉर मेडल, तोच घोडा, तीच साले. पण धातू चांदी नव्हे, कासे. बाजारात त्यास 'नकली' म्हणून बाजूस टाकतात. ते नकली नव्हे. बंदूक न धरता ओझी वाहणारे, रस्ते खणणारे, स्वयंपाक करणारे, खेचरे हाकणारे जे हजारो लोक फौजेबरोबर गेले, त्यांस चांदी न देता काशाचे पदक दिले गेले. त्यांच्या कडेवरही नाव असते. आमच्या मते सर्वांत आधी जपण्याजोगे पदक हेच. कारण या माणसांविषयी पलटणींच्या इतिहासांत ओळभरही मजकूर मिळत नाही.

नावाला आम्ही एवढे महत्त्व का देतो, तेही सांगतो. मेसोपोटेमियात मेलेल्या व ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत. अमुक पलटणीचे इतके, असा आकडा आहे. युद्धसमाधी आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले की, हिंदी, आफ्रिकी, इजिप्ती आदी सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले. तेथेही आकडाच. असल्या परिस्थितीत ज्या शिपायाचे नाव गावच्या पाटीवर नाही आणि बसऱ्याच्या शिळेवरही नाही, त्याचे नाव सरकारने धातूवर उमटविले असेल तर ते मुख्यतः त्या पदकाच्या कडेवर. तेच आपण किलोच्या भावाने देतो.

मृताच्या घरी आलेली आणखी एक वस्तू म्हणजे काशाची वाटोळी, सुमारे पाच इंच व्यासाची तबकडी. तिच्यावर त्रिशूळ धरलेली ब्रिटानिया व सिंह, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचे नाव. हुद्दा मुद्दाम दिलेला नसतो. अशा तबकड्या आम्ही देव्हाऱ्यात पाहिल्या आहेत आणि भाकरीच्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हणूनही पाहिल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांचे काम अवघड. त्यांतील तारे व पदके सामान्यतः नावाशिवायच दिली गेली. सहा टोकांचे पिवळट तारे असतात, मध्ये राजाची अक्षरे व भोवती रणक्षेत्राचे नाव: आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश. येथे फितीचा रंग उपयोगी पडतो. आफ्रिकेची फीत वाळूच्या रंगाची, इटलीची त्या देशाच्या निशाणाच्या तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या रंगांची. पण फिती बदलतात, बाजारात कोणतीही फीत कोणत्याही ताऱ्यास लावतात, म्हणून ताऱ्यावरील अक्षरे हाच पुरावा मानावा. हिंदुस्थानातच तीन वर्षे नोकरी केलेल्यांस मिळालेल्या 'इंडिया सर्व्हिस मेडल'च्या मागे हिंदुस्थानचा नकाशा असतो. अशा निनावी पदकांचा अर्थ केवळ त्यांच्या सोबतच्या कागदांमुळे लागतो. केरेनच्या डोंगरावर १९४१ साली चढलेला मराठा शिपाई आणि मुंबईच्या गोदीत पहारा करणारा शिपाई यांची पदके शेजारी ठेवली तर तारा पाहून फरक कळेल, माणूस कळणार नाही. तेव्हा डिसचार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, फोटो ही पदकाहूनही मोलाची समजावीत.

स्वातंत्र्यानंतरची पदके ओळखणे सोपे. त्यांत १९४७ चे स्वातंत्र्यपदक मोठे चमत्कारिक आहे: एका बाजूस अशोकचक्र आणि त्यावर चक्क राजमुकुट, भोवती सहाव्या जॉर्जची बिरुदे, दुसऱ्या बाजूस सिंहमुद्रा व १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. राज्य गेले आणि राजा अजून पुरता गेला नव्हता, त्या अडीच वर्षांची ही धातूतील साक्ष. हाच नियम टोपीवरील बिल्ल्यांस लागतो. मुकुट असेल तर बिल्ला १९५० पूर्वीच्या घडणीचा, सिंह असतील तर नंतरचा.

बिल्ला पलटणीचा इतिहासही सांगतो. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ साली बेळगाव येथे उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगनची रेजिमेंट झाली तेव्हा परस्परांस छेदणाऱ्या व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. म्हणजे एकाच रेजिमेंटचे तीन बिल्ले समोर मांडले तर कोणता आधीचा व कोणता नंतरचा हे पुस्तकावाचून सांगता येते. मराठ्यांच्या बिल्ल्यावरील रणशिंग ही लाइट इन्फन्ट्रीची खूण. इतर देशांतील लाइट इन्फन्ट्रीही ती धारण करीत, सबब शिंग दिसले की मराठा असे म्हणण्याची घाई करू नये.

येथे एक स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. पदक सापडले की आपली मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "आपल्यातला का?" पदकाच्या कडेवर जात लिहिलेली नसते. आडनावे अनेक ज्ञातींत सारखी आहेत. पलटणीच्या नावावरून तर मुळीच ठरवू नये. 'मराठा' नावाच्या त्या जुन्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, आणि मुंबईच्या जुन्या फौजेत महार सैनिकांची मोठी परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरती बंद होईपर्यंत चालू होती. म्हणून प्रत्येक वीर आपल्याच ज्ञातीत ओढण्याचा मोह या स्मरणिकेने तरी टाळावा. पदक सापडले तर ज्याचे असेल त्याच्या घरी जावे. ते घर कोणाचेही असो.

पुष्कळदा सैन्याशी संबंध नसलेल्या वस्तूही 'लष्करी' म्हणून विकल्या जातात. जी. आय. पी. किंवा बी. बी. अँड सी. आय. या रेल्वे कंपन्यांची बटणे, कचेरीतील पट्टेवाल्यांचे पितळी बिल्ले, सेंट जॉन रुग्णवाहिका पथकाची आठ टोकांच्या क्रुसाची चिन्हे ही यांपैकी मुख्य. त्यांतही इतिहास आहे, पण तो निराळा. बटणाची पाठ अवश्य पाहावी. फर्मिन अथवा गाँट अशा विलायती कारखानदारांची नावे तेथे उमटलेली असतात.

नकली पदके दोन प्रकारची. एक साच्यात ओतलेली: तिच्या पृष्ठावर बारीक खळगे दिसतात, अक्षरे बोथट असतात आणि धातू आकसल्यामुळे आकार किंचित लहान भरतो. दुसरा प्रकार अधिक कपटाचा. पदक खरे, पण कड कानशीने घासून सामान्य नाव पुसलेले व त्या जागी एखाद्या नामांकित पलटणीचे नाव कोरलेले. महायुद्धाच्या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर; व्हर्निअरने मोजता तो कमी भरला, अथवा कड एका जागी सखल लागली, तर संशय घ्यावा. अशा पदकाची किंमत पुसलेल्या नावाइतकीच उरते.

आता भगिनींस एक आग्रहाची विनंती. दिवाळीस तांब्या-पितळेची भांडी चिंचेने व राखेने घासताना पदके त्यांत घेऊ नयेत. प्रत्येक घासणीस कडेवरील अक्षर झिजते. आम्ही पाहिलेल्या एका तबकडीवरील ब्रिटानियाचे तोंड सपाट झाले होते. घर मोठे टापटिपीचे होते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे, बस्स. अक्षरे अंधुक असतील तर वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवावी. नाव कागदावर उमटते.

कायद्याचेही भान असावे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यान्वये शंभर वर्षे पुरी झालेली ऐतिहासिक वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या मर्यादेत आली आहेत. परदेशी गिऱ्हाइकाचा भाव ऐकून पार्सल करणाऱ्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे. ट्रंकेत जिवंत काडतूस किंवा गोळा निघाला तर त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे, हे सांगणे न लगे.

पदकावरून घर कसे शोधावे? युद्धसमाधी आयोगाची मृतांची सूची आज घरबसल्या पाहता येते. क्रमांक व पलटण घालून शोध घेतला म्हणजे मृत सैनिकाच्या बापाचे नाव, गाव व जिल्हा कित्येकदा मिळतो. जो जिवंत परतला त्याचा पत्ता तेथे लागणार नाही. त्यासाठी बेळगावचे मराठा केंद्र, जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय, गावातील शाळेचे जुने दाखले आणि शेवटी गावातील वृद्ध माणसे, या क्रमाने जावे. मात्र वृद्धांकडे सर्वांत आधी जावे असे अनुभव सांगतो. कार्यालये उद्याही असतील.

मंडळाच्या कार्यालयात याकरिता एक नोंदवही आम्ही ठेवली आहे. तीत पदकाचे वर्णन, कडेवरील मजकूर जसा दिसतो तसा इंग्रजी अक्षरांत, वस्तू कोठे व केव्हा मिळाली, आणि आज कोणाकडे आहे, एवढेच लिहावयाचे. वस्तू मंडळास द्यावी अशी अट नाही. उद्या सकाळी नऊ ते बारा या वेळात वाचनालयाच्या खोलीत भिंग, मोजपट्टी व दिवा घेऊन आम्ही बसणार आहोत. ज्यांनी ट्रंका उघडल्या असतील त्यांनी पदकांबरोबर कागदही आणावेत, आणि घरात आजी-आजोबा असतील तर शक्य झाल्यास त्यांनाही.